मी काहीच केलं नाही

सकाळी सव्वासहा

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी मला गजर लावावा लागत नाही. मायक्रोसॉफ्ट विंडोजची डागडुजी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बाहेर सोडते. २००३ पासूनचा हा रिवाज. तिकडची मंगळवारची सकाळ म्हणजे आपली रात्र. त्यामुळे साताऱ्यातली माणसं बुधवारी उठून कॉम्प्युटर लावतात आणि तो ‘बंद करू नका’ म्हणत गोल गोल फिरत बसतो. मग माझा फोन वाजतो. आजचा पहिला शाहूपुरीतून.

“दादा, तीस टक्क्यांवर अडकलंय. बटण दाबून बंद करू का?”

“नका. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडता का?”

“पण मी काहीच केलं नाही हो, आपोआप सुरू झालं.”

हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा ऐकतो. या फोनवर तरी ते खरं होतं.

अपडेट ‘नंतर, नंतर’ करत ढकलणाऱ्यांना मी २०१७ची गोष्ट सांगतो. त्या मार्चमध्ये विंडोजमधल्या एका भोकावर ठिगळ आलं होतं. ज्यांनी ते लावून घेतलं नाही, त्यांच्या मशीनवर १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर आला. कुणी कुठली फाइल उघडायची गरजच नव्हती. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर तो स्वतःच सरकत होता. फायलींना कुलूप आणि सोडवणुकीचे तीनशे डॉलर. ‘मी काहीच केलं नाही’ हे त्या वेळी जगभरातल्या लोकांचं अक्षरशः खरं होतं, आणि तेच नडलं.

सकाळी नऊ

गोडोलीत गुरुजींकडे. यांनी मला आठवीला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला. मॉनिटरवर काकूंनी क्रोशाचं आच्छादन घातलंय आणि ते काढल्याशिवाय स्विच लावायचा नाही असा घरात नियम आहे. काल फोनवर म्हणाले, “स्लो झालाय रे, फॉरमॅट मारून दे.”

इथेच मला शंका आली. स्लो झालेल्या कॉम्प्युटरसाठी लोक ‘बघून जा’ म्हणतात. ज्याला काही पुसून टाकायचं असतं तोच थेट फॉरमॅट मागतो.

“काय झालं होतं गुरुजी?”

“काही नाही. मी काहीच केलं नाही.”

“काकू, चहा मिळेल का? आलं घालून.”

चहा हे माझं सगळ्यात जुनं अवजार. आलं किसून, उकळून, गाळून यायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात माणूस बोलतो. गुरुजी आवाज खाली आणून बोलले. गेल्या शुक्रवारी पंढरपुरात राहायची खोली शोधत होते. एक पान उघडलं आणि पडदाभर लाल झालं, भोंगा वाजायला लागला. तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस आहेत, बंद केलंत तर सगळी माहिती जाईल, या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. माउसही हलेना. गुरुजींनी फोन केला. पलीकडचा माणूस ‘सर, सर’ करत हिंदीत अगदी अदबीनं बोलला. त्यानं एक छोटा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला, ज्यातून त्याला तिकडे बसून गुरुजींचा पडदा दिसू लागला. मग विंडोजची एक यादी उघडून त्यातल्या लाल फुल्या दाखवल्या. साडेअकरा हजार भरा, पाच वर्षांचं संरक्षण. बँकेचं पान त्याच्या डोळ्यांदेखत उघडून गुरुजींनी पैसे भरले.

मी माझा लॅपटॉप उघडून तीच यादी त्यांना दाखवली. माझ्याही मशीनमध्ये लाल फुल्या. ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे फुली पडते. निरोगी मशीनमध्येही त्या ढिगानं असतात. आणि तो भोंगा म्हणजे एक साधं वेबपान. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की पूर्ण पडद्यावरून ते मागे येतं, नाहीतर आल्ट आणि एफ-फोर. काहीच जमलं नाही तर सरळ वीज बंद करावी. आणि पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘मघाची पानं उघडू का’ विचारतो, त्याला नाही म्हणावं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. एवढं एक वाक्य गुरुजींना कुणी आधी सांगितलं असतं तर शुक्रवार सुखात गेला असता.

“पाच दिवस का थांबलात?”

गुरुजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

पैशापेक्षा हे पाच दिवस मला जास्त खुपतात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच फोन केला तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळणारे पैसे वाटेत अडवता येतात. जितका उशीर, तितकी ती रक्कम फुटून पसरते. तरीही मी त्यांना तिथेच फोन लावायला लावला, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवून नेटबँकिंग बंद केलं. पासवर्ड बदलले ते त्यांच्या मोबाइलवरून. या मशीनवर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे चोरासमोर किल्ली घडवणं. मग व्यवहाराचा क्रमांक, तो नंबर, पडद्याचे फोटो, सगळं जपून ठेवलं. आणि त्यानंतर त्यांनी मागितलेला फॉरमॅट. सकाळीच मारला असता तर पोलिसांना दाखवायला काही उरलं नसतं.

काकू चहा घेऊन आल्या. बशी ठेवत म्हणाल्या, “किती गेले?” त्यांना शुक्रवारपासून ठाऊक होतं.

निघताना दुसरा विषय निघाला. मशीन २०१६चं, विंडोज १० असलेलं. त्या विंडोजची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली; नोंदणी केली तर सुरक्षेची ठिगळं ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. पुढचं विंडोज ११ या मशीनवर रीतसर बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मुलगा म्हणतो फेकून द्या. मी म्हणालो, तुम्हाला ईमेल, पेपर आणि भजनं लागतात. लिनक्स मिंट टाकून देतो, फुकट आहे. गुरुजी म्हणाले, “परीक्षा घेणार नाहीस ना?”

सकाळी साडेअकरा

मोती चौकाजवळच्या बोळात डीटीपीवाल्या ताई. घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं. पेजमेकर आणि श्रीलिपी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि ते सगळं बसलंय विंडोज ७वर, ज्याची मुदत जानेवारी २०२०मध्ये संपली. पुस्तकी सल्ला देणारा इथे म्हणेल की बदला. पण या बाईंच्या वीस वर्षांच्या पत्रिका त्या जुन्या फाँटांत आहेत आणि पोटापाण्याचा प्रश्न त्या मशीनवर सुटतो. म्हणून मी तीन वर्षांपूर्वी साधा उपाय केला: त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून गुंडाळून मॉनिटरला बांधून ठेवली. इंटरनेटसाठी शेजारी वेगळा स्वस्त लॅपटॉप.

मग रोग येतो कुठून? पेनड्राइव्हमधून. गिऱ्हाईक झेरॉक्सच्या दुकानातून फोटो टाकून आणतं आणि त्या दुकानातल्या मशीनमध्ये अख्ख्या गावाचे पेनड्राइव्ह घुसून गेलेले असतात. आजही तेच. ड्राइव्ह उघडला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. नवरदेवाच्या आईला वाटलं फोटो गेले. गेलेले नसतात. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे नकली शॉर्टकट समोर मांडतो. तुम्ही ‘फोटो’वर टिचकी मारली की फोटोही उघडतात आणि मागच्या मागे व्हायरसही चालू होतो. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा दिली की लपलेले फोल्डर बाहेर येतात. दोन मिनिटांचं काम, पण त्या मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विहिरीतून पोर काढलं. आता ताईंना सांगून ठेवलंय की गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपला लावायचा, तपासायचा, मगच फोटो आपल्या पेनड्राइव्हवरून जुन्या मशीनवर न्यायचे. त्या म्हणाल्या, म्हणजे आल्यागेल्यानं आधी पाय धुवायचे.

दुपारी एक

राजवाड्याजवळ माझं दुकान. दुकान म्हणजे दहा बाय आठ आणि एक लोखंडी कपाट.

मी शिकलो तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासात बाहेर चपला काढायला लावत. आत एसी, काचेचं दार, जमिनीवर गालिचा. आमच्यातल्या निम्म्या पोरांची पक्की समजूत होती की व्हायरस धुळीतून येतो आणि म्हणून ही चपलांची शिस्त. सरांनीही ती कधी दुरुस्त केली नाही. येत होता तो फ्लॉपीतून. आयबीएम पीसीवरचा पहिला नाव काढलेला व्हायरस, ब्रेन, १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. कॉम्प्युटरचं दुकान होतं त्यांचं, आणि व्हायरसमध्ये त्यांनी आपला पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आमच्या जिल्ह्याला मात्र दुसरे दोन भाऊ माहीत: रहिमतपूरचे काटकर. थोरले कैलाश पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयनं नव्वदच्या दशकात व्हायरसवरचा उतारा लिहिला आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. आम्ही त्यातलं पहिलंच अर्धं करू शकलो.

अँटिव्हायरस मीही विकतो, त्यावर चार पैसे मिळतात. म्हणून हे सांगताना जीभ जड होते, पण विंडोजमध्ये आयता येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल तर साध्या घराला तो बहुधा पुरतो. विकतचा घेतला तर एकच घ्यावा. लोक दोन-दोन टाकतात. मग दोन पहारेकरी एकमेकांनाच पकडत बसतात आणि मशीन रांगतं. जो कुठला असेल तो बंद करायची वेळ का येते, हे मात्र पाहावं. फुकटातला ऑफिस, फुकटातला फोटोशॉप, त्याचा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’, या सगळ्यांबरोबरच्या सूचनांत पहिली ओळ एकच असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. वॉचमनला सुट्टी द्या म्हणणाऱ्याला घरात कोण घेईल? रोज घेतात.

दीडला एक गृहस्थ डोकावले. दरवर्षी या सुमाराला येतात.

“आली का हो किल्ली?”

लोखंडी कपाटात त्यांची हार्डडिस्क आहे, पिशवीत, वर तारीख लिहून. सहा वर्षांपूर्वी भाच्यानं त्यांच्या मशीनवर एका गेमचा क्रॅक चालवला. सकाळी सगळ्या फायलींना अनोळखी शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी: नऊशे ऐंशी डॉलर, बहात्तर तासांत संपर्क केला तर निम्मे. स्टॉप ऊर्फ डीजेव्हीयू नावाचा हा खंडणीखोर मोठ्या कंपन्यांच्या नादी लागत नाही. तो घरगुती माणसाला, क्रॅकच्या पुडीत बांधून येतो. त्या डिस्कवर त्यांच्या दिवंगत पत्नीचे फोटो आहेत. त्यांनी पैसे भरले नाहीत, मीही भरू दिले नाहीत. चोराच्या शब्दावर काय भरवसा?

या रोगात एक फट आहे. कुलूप घालताना त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं तर प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी. बोलता आलं नाही तर तो आतमध्येच असलेली एक ठरावीक किल्ली वापरतो. ठरावीक किल्ली एखाद्या माणसाकडून उघड झाली की त्याच वाणाच्या बाकीच्यांचीही सुटका. एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीनं २०१९मध्ये या रोगावर फुकट उतारा काढला, १४८ वाणांसाठी. युरोपच्या पोलिसांनी आणि काही कंपन्यांनी मिळून २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या ठिकाणी अशा किल्ल्या एकत्र मिळतात. म्हणून मी कुणाला कुलूपबंद फायली पुसू देत नाही. आम्ही दोघांनी मिळून या वर्षीही फाइल लावून पाहिली. नाही उघडली. ते म्हणाले, “असू द्या, पुढच्या वर्षी बघू,” आणि पिशवीवर आजची तारीख स्वतःच्या हातानं लिहून गेले.

भाच्यानं क्रॅक चालवला त्या दिवशी त्यांचा बॅकअपही होता. बॅकअपची डिस्क मशीनलाच लावलेली होती, म्हणून तीही कुलूपबंद झाली.

डबा अडीचला उघडला. भाजी गार.

दुपारी साडेतीन

सदर बझार, तिसरा मजला, लिफ्ट बंद. इंजिनीअरिंगचा मुलगा. इन्स्टाग्राम गेलं, ईमेल गेला, त्याच्या नावानं मित्रांना पैशाचे मेसेज जातायत. दारात वडील हाताची घडी घालून उभे.

“मी काहीच केलं नाही, काका. ओटीपीसुद्धा कुणाला दिला नाही.”

दुसरं वाक्य खरं होतं. इथे चहा चालत नाही, पोरं चहाला दाद देत नाहीत. मी वडिलांना म्हणालो, माझी गाडी खाली आडवी लागलीय, जरा सरळ करता का? तीन मजले जाऊन-येऊन तेवढीच सवड.

पोरगा बोलला. एका साइटवर सिनेमा बघायला गेला. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन आला. एरवी त्यात बसचे नाहीतर सिग्नलचे फोटो निवडायचे असतात. इथे सांगितलं होतं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्यानं केलं. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला त्यानं स्वतःच्या हातानं चोराची आज्ञा मशीनला वाचून दाखवली. त्या पानानं ती ओळ आधीच गुपचूप कॉपी करून ठेवली होती. पुढच्या काही सेकंदांत ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे लॉगिनच्या चिठ्ठ्या गेल्या. वॉटर पार्कमध्ये एकदा तिकीट दाखवलं की मनगटाला पट्टा बांधतात, मग दिवसभर कुणी विचारत नाही. चोरानं पट्टाच उचलला. मग ओटीपी मागणार कोण?

या जातीचं एक नाव लुमा. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचं जाळं तोडलं तेव्हा अवघ्या दोन महिन्यांत लागण झालेली ३,९४,००० विंडोज मशीन त्यांनी मोजली होती. यात सदर बझारचा एक मुलगा म्हणजे काहीच नाही, फक्त त्याला ते कळत नव्हतं. त्याला वाटत होतं की जगात हा मूर्खपणा त्यानं एकट्यानंच केला.

आधी मशीनचं इंटरनेट तोडलं. मग वडिलांच्या मोबाइलवरून ईमेल परत मिळवला, सगळीकडून लॉगआउट करणारं बटण दाबलं, म्हणजे सगळे पट्टे रद्द. त्यानंतर पासवर्ड, त्यातही ईमेलचा पहिला, कारण बाकी सगळ्यांच्या वाटा तिथून जातात. शेवटी विंडोज नव्यानं टाकलं. दोन तास गेले. निघताना वडिलांनी विचारलं, “यानं काय केलं?”

“फसला. माझ्याकडे याच्याहून शिकलेले येतात.”

सुरुवातीच्या वर्षांत मी असं बोलत नसे. लोकांना झापायचो, इतकी अक्कल नाही का वगैरे. मग एक बाई पुढच्या वेळी मला न सांगता तीन आठवडे बिघडलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करत राहिल्या. तेव्हापासून झापणं बंद.

संध्याकाळी सहा

शाहूपुरीतले सकाळचे. अपडेट पूर्ण झालं होतं, पण आलोच आहे म्हणून राउटर पाहिला. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, कनेक्शन जोडणाऱ्यानं सोडला तसाच. बदलला, राउटरचं स्वतःचं अपडेट केलं. आजी पासवर्ड लिहून ठेवायच्या वहीबद्दल ओशाळल्या. मी म्हणालो, लिहा, ठळक लिहा, आणि वही कपाटात देवाच्या पोथीखाली ठेवा. दूरदेशीचा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. तो सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्याकडे येतो. बँकेचा पत्ताही त्याच वहीत लिहून दिला. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही.

रात्री आठ

जेवताना फोन उलटा ठेवतो, तरी थरथरतो. ‘दादा, हे उघडू का?’ आणि खाली फोटो. आज सहा आले. एकीला कुरिअरची पावती आलीय, शेवट पीडीएफ. मी विचारलं, पीडीएफच्या पुढे काही आहे का? विंडोज फाइलचं खरं शेपूट लपवून ठेवतं, ते दिसण्याची खूण कशी करायची हे लिहून पाठवलं. पाच मिनिटांनी उत्तर: ‘पुढे ईएक्सई आहे.’ म्हणजे पावती नव्हे, प्रोग्राम. उडवून टाका.

बायको म्हणते, या सहांचे पैसे घेतोस का? नाही घेत. हेच सहा न विचारता उघडते तर उद्या माझे सहा हजार झाले असते, हा हिशेब ती मला दाखवते आणि बरोबर दाखवते. पण विचारायला पैसे लावले की लोक विचारायचे थांबतील.

रात्री सव्वादहा

बुधवार हा माझ्याही बॅकअपचा वार. दोन डिस्क आहेत. एक इथे, दुसरी कोरेगावला बहिणीकडे तांदळाच्या डब्याशेजारी, दर महिन्याला अदलाबदल. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. हा धडा मी फुकट शिकलो नाही. दुकान लावल्याच्या दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह माझ्याच बिलाच्या मशीनला लावला, घाईत, न तपासता. वर्षाच्या उधाऱ्या गेल्या. घरच्यांनी विचारलं, काय झालं रे? मी काय उत्तर दिलं असेल ते आता सांगायला नको.

बाहेर पाऊस. डिस्कचा दिवा लुकलुकतोय, पडद्यावर ‘अजून २२ मिनिटं’. झोप आलीय, पण वायर लावलेली ठेवून झोपता येत नाही. लोखंडी कपाटातली ती पिशवी आठवते. दिव्याकडे बघत बसलोय.